उपनगर सोडून खेड्यात राहायला जायचंय? आधी पाणी बघा, देखावा नंतर

खेड्यातली जागा बघायला माणसं बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी जातात. हवा छान असते, जागा दाखवणारा गोड बोलत असतो, कानावर पाखरांशिवाय काही पडत नाही. परतताना शहराच्या वेशीवर गाड्यांच्या रांगेत अडकलं की निर्णय जवळजवळ होऊनच जातो. मग पुढचं सगळं बघणं म्हणजे झालेल्या निर्णयाला कारणं शोधणं उरतं.

उपनगराला आपण कितीही नावं ठेवली तरी तिथे काही गोष्टी अशा चालतात की त्या चालतायत हेही लक्षात येत नाही. नळ सोडला की पाणी येतं. संडासात फ्लश केलं की विषय संपतो. कचरा दाराबाहेर ठेवला की नाहीसा होतो. रस्त्यावरचा दिवा गेला तर कोणीतरी येऊन लावतं. खेड्यात स्वतंत्र घर घेतलंत की ही सगळी खाती तुमच्या अंगावर येतात. पाणीपुरवठा खातं तुम्ही, मलनिस्सारण खातं तुम्ही, बांधकाम खातं तुम्ही, आणि बंब पोचेपर्यंत अग्निशमन दलही तुम्हीच. हे जमणार असेल तर खेड्यासारखं सुख नाही. म्हणून या लेखातला क्रम तसा लावला आहे: जे बिघडलं तर घरात राहताच येणार नाही, ते आधी. बाग, व्हरांडा आणि झोपाळा यांवर मी काही लिहिलेलं नाही, ते तुम्हाला आपोआप सुचेल.

घरच्या घरी करायचा हिशोब

जागा शोधण्याआधी एक महिना वही ठेवा. घरातलं कोण, कधी, कशासाठी बाहेर पडलं, ते रोज लिहायचं. औषध, शिकवणी, दात, वाणसामान, मित्राकडे गप्पा, सगळं. महिन्याच्या शेवटी प्रत्येक नोंदीसमोर लिहा: हे गावात होईल, आठवड्यातून एकदा बाजारपेठेत जाऊन होईल, की यासाठी शहरच गाठावं लागेल?

मग अंतराने गुणा. बाजारपेठ २० किलोमीटरवर असेल आणि आठवड्यात तीन खेपा पडणार असतील तर आठवड्याचे १२० आणि वर्षाचे सहा हजारांवर किलोमीटर होतात, तेही कुठेही हिंडायला न जाता. रोजच्या प्रवासाला कंटाळून गाव गाठणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

या वहीतून आणखी एक गोष्ट कळते आणि ती जास्त महत्त्वाची आहे: घरात कोण अडकणार. ज्याला गाडी चालवता येते त्याचं गाव मोकळं असतं. ज्याला येत नाही त्याचं जग फाटकापाशी संपतं. म्हातारे आईवडील, चौदा-पंधरा वर्षांची मुलं आणि दिवसभर एकटं घरी राहणारं माणूस, या तिघांचा होकार खरा आहे का हे नीट विचारा. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हा होकार नसतो. मुलगा किंवा मुलगी वयात येत असेल तर मी तर म्हणेन, दोन-तीन वर्षं थांबा. त्या वयाला शांतता नको असते, सोबती हवे असतात.

आणि कशाला कंटाळलोय हेही एका ओळीत लिहा. आवाजाला? भाड्याला? साहेबाला? साहेबाला कंटाळला असाल तर नोकरी बदलणं सोपं पडेल.

किती लांब जायचं

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांमध्ये मोजा, आणि तीही वाईट दिवसाची मिनिटं. रात्री दोन वाजता, पाऊस किंवा धुकं असताना, रात्रभर डॉक्टर असणाऱ्या रुग्णालयाच्या दारापर्यंत किती वेळ लागतो? एकदा खरोखर रात्री गाडी काढून बघा. फाटक बंद आहे, डॉक्टर दुसऱ्या गावात राहतात, रस्त्यावर एक ओढा आहे जो पावसात वाहतो, असं सगळं तेव्हाच कळतं.

हे टोकाचं वाटत असेल तर दोन आकडे पुरे आहेत. हृदय अचानक बंद पडलं आणि छातीवर दाब देणं किंवा विजेचा झटका यातलं काहीच मिळालं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचं स्कॅनिंग व्हावं लागतं. म्हणजे नुसता दवाखाना जवळ असून भागत नाही, स्कॅनिंगची सोय असलेलं रुग्णालय किती लांब आहे ते बघावं लागतं. घरात हृदयाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर नकाशावर आधी त्या रुग्णालयाभोवती वर्तुळ काढा आणि जागा त्याच्या आत शोधा.

माझं मत विचाराल तर पहिलं घर अगदी आडबाजूला घेऊ नये. छोट्या पण चालत्या बाजारपेठेच्या गावापासून पाच-दहा किलोमीटरवरचं खेडं बहुतेकांना पुरेसं शांत असतं, आणि प्लंबर ‘येतो’ म्हणाला की तो खरोखर येतो.

विकत घेण्याआधी भाड्याने राहा

ही पायरी सगळ्यांना पटते आणि बहुतेक जण गाळतात. ज्या भागात घर घ्यायचं तिथे भाड्याने राहा, आणि तेही त्या भागातल्या सर्वांत वाईट ऋतूत. कुठे तो कडक उन्हाळा असेल, कुठे चिखलाचा पाऊस, कुठे बर्फ. वर्षभर जमणार नसेल तर निदान तेवढा ऋतू काढा. चांगल्या ऋतूत कुठलंही खेडं चांगलंच दिसतं.

राहिल्यावर खेड्यातली शांतता कशी असते तेही समजतं. तिथे पहाटे कोंबडे आरवतात, पाण्याचे पंप चालतात, कापणीच्या दिवसांत यंत्रं रात्रीही थांबत नाहीत, शेणखताचा वास येतो आणि फवारणीच्या दिवशी वाऱ्याबरोबर औषध अंगणात येतं. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून सुट्टीपुरतं येणाऱ्या शेजाऱ्यांनी थेट न्यायालय गाठलं होतं. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. पुढे २०२१ मध्ये त्या देशाने ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाच केला. कोंबडा आधीपासून तिथे आहे आणि तुम्ही नंतर आलात, हे कायम ध्यानात ठेवायचं.

सहन करण्याचे आवाज वेगळे आणि टाळण्याचे वेगळे. दगडखाण, मोठी कुक्कुटपालन शेड, वीटभट्टी, नव्या महामार्गाची आखणी यांची चौकशी भागाच्या नियोजन कार्यालयात करा. वारा वर्षातला बहुतेक काळ कुठून कुठे वाहतो हे गावातल्या कोणालाही विचारा. खुराड्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत घर घेतलंत तर खिडक्या नावालाच राहतील.

पाणी

खरं पाणी इथेच मुरतं, म्हणून या भागाला वेळ द्या.

पहिला प्रश्न गरजेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने माणशी रोज ५० ते १०० लिटर पाण्यात मूलभूत गरजा भागतात. कपडे धुण्याचं यंत्र आणि शॉवरची सवय असलेल्या कुटुंबाने शंभराच्या वरच धरावं. चार माणसांना रोजचे ४०० ते ६०० लिटर, आणि झाडं लावणार असाल तर त्यांचं वेगळं.

दुसरा प्रश्न, हे पाणी वर्षाच्या सर्वांत कोरड्या आठवड्यात मिळतं का? ‘इथे कधी पाणी आटत नाही’ हे वाक्य जागा विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलंत तर मान डोलवा आणि शेजारच्या तीन घरी जाऊन तेच विचारा. टँकर कधी आला होता, कोणत्या महिन्यात, हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

बोअरवेल असेल तर उपसा स्वतः मोजा. लागतं काय, तर २० लिटरची बादली आणि फोनवरचं घड्याळ. पंप सुरू करा, पाइप बादलीत धरा. ४० सेकंदांत बादली भरली तर मिनिटाला ३० लिटर. आकडा बघून लोक खूश होतात आणि पंप बंद करतात, आणि फसतात ते इथेच. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये उंचीच्या दर मीटरला साधारण साडेसतरा लिटर पाणी मावतं. आत पाण्याची उंची ६० मीटर असेल तर हजार लिटरच्या वर पाणी नुसतं साठलेलं असतं. म्हणजे पहिला अर्धा तास तुम्ही रात्रभरातला साठाच उपसत असता, जमिनीतून नवं पाणी किती येतंय ते अजून कळलेलंच नसतं. तेव्हा पंप चालू ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बादली लावा. चार-पाच तासांनंतरचा आकडा खरा. ३० वरून १२ वर येऊन तिथेच स्थिर राहिला तर बोअर चालण्यासारखी आहे, कारण मिनिटाला १२ लिटर म्हणजे तासाला ७२० लिटर होतात. धार तुटायला लागली, पाइपमधून हवा फुसफुसायला लागली किंवा पाणी गढूळ झालं, तर तिथेच पंप बंद करा. कोरडा चालला की तो जळतो, आणि पंप अजून तुमचा नाही.

विहीर असेल तर हिशोब आणखी सोपा. चार मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर उंचीला साडेबारा हजार लिटर पाणी असतं. दोरीला दगड बांधून पातळी मोजा, उपसा करा, पुन्हा मोजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. रात्रभरात पातळी ३० सेंटिमीटर चढली तर विहिरीला साडेतीन हजार लिटरहून जास्त पाणी आलं. तेवढं घराला भरपूर झालं.

तिसरा प्रश्न, पाणी पिण्याजोगं आहे का? स्वच्छ दिसतं आणि गोड लागतं यावर विसंबू नका. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून तळ्यांच्या घाण पाण्याला पर्याय म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ होतं, रोगजंतूंपासून बऱ्यापैकी सुरक्षितही होतं. १९९० च्या दशकात कळलं की त्यातल्या असंख्य नलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

प्रयोगशाळेत जिवाणूंची तपासणी तर कराच, त्यासोबत नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, लोह आणि कठीणपणा या तपासण्याही मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू एकही नको. लिटरमागे नायट्रेट ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमच्या आत. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण विरघळलेली नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक ही मंडळी तिथेच राहतात. उलट पाण्याची वाफ झाल्याने त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. खतांचा मारा असलेल्या शेतांजवळच्या विहिरीत नायट्रेट सापडण्याची शक्यता जास्त, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते घातक असतं. जिवाणूंची तपासणी एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर पुन्हा करा, कारण विहिरीत वरची घाण उतरते ती तेव्हा.

पावसाचं पाणी साठवायचा विचार असेल तर गणित तोंडपाठ होण्यासारखं आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस असेल तर ८० हजार लिटर. वाया जाणारं वजा केलं तरी साठ-पासष्ट हजार हाती लागतात. रोज ४०० लिटर वापरणाऱ्या घराला हे पाच महिने पुरेल. अडचण साठवण्याची असते, टाकी किती मोठी बांधणार ते ठरवा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी छप्पर धुण्यापुरतंच, ते टाकीत घेऊ नका.

सांडपाणी आणि कचरा

या विषयावर जागा दाखवणारा स्वतःहून काही बोलत नाही. तुम्हीच विचारायचं: सेप्टिक टँक कुठे आहे, किती मोठी आहे, शेवटची कधी उपसली? ‘कधीच उपसावी लागली नाही’ असं उत्तर अभिमानाने येतं. त्याचा अर्थ बहुधा टाकी खालून गळतेय असा असतो, आणि ते गळलेलं पाणी कुठे गेलं हा पुढचा प्रश्न.

विहीर किंवा बोअर आणि शोषखड्डा (टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) यांत साधारण १५ ते ३० मीटर अंतर ठेवण्याचे नियम अनेक ठिकाणी आहेत, आणि खड्डा उताराच्या खालच्या अंगाला हवा. तुमचा तर बघाच, पण वरच्या बाजूच्या शेजाऱ्याचा कुठे आहे तेही बघा.

नवं बांधणार असाल तर जमीन पाणी किती पिते ते आधी तपासा. शोषखड्डा जितका खोल जाणार तितक्या खोलीवर वीतभर रुंदीचा खड्डा खणा, पाण्याने भरा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. एखाद-दुसऱ्या मिनिटात उतरली तर जमीन फार भुसभुशीत आहे, घाण न गाळताच भूजलात जाईल. तासभर झाला तरी उतरली नाही तर माती चिकण आहे, आणि पावसाळ्यात शोषखड्डा उलटा भरून येईल. दोन्ही परिस्थितींवर उपाय असतात, पण ते जागा घेण्याआधी आणि जाणकाराला विचारून ठरवायचे.

टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. उपसणारी गाडी टाकीजवळ पोचेल का? तिच्या पाइपला मर्यादा असते. सुंदर फरशी घालून टाकीचं झाकण त्याखाली गाडून टाकू नका.

ओला कचरा जिरवता येतो. प्लास्टिक, काच, बॅटऱ्या आणि डायपर यांचं काय करायचं ते गावात विचारून ठेवा. ‘आम्ही जाळतो’ असं ऐकायला येईल. तुम्ही जाळू नका, साठवून बाजाराच्या खेपेबरोबर न्या.

रस्ता आणि कागद

घरापर्यंत गाडी गेली याचा अर्थ घराला रस्ता आहे असा होत नाही. तो तुकडा कोणाच्या शेतातून जात असेल आणि ‘आमचं काही म्हणणं नाही’ एवढ्यावर वर्षानुवर्षं चालत असेल. त्या माणसाची मुलं उद्या जमीन वाटून घेतील आणि त्यांचं म्हणणं असेल. वहिवाटीचा हक्क कागदावर हवा, रुंदीसकट हवा आणि नोंदवलेला हवा. रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर आणि बांधकामाचा ट्रक आत येऊन वळू शकतो का, ते जागेवर उभं राहून बघा.

हद्द सरकारी मोजणीदाराकडून मोजून घ्या आणि त्या वेळी चारही बाजूंचे शेजारी हजर राहतील असं बघा. कुंपण घातल्यावर भांडण्यापेक्षा दगड रोवतानाच बोलून घेतलेलं बरं. या भेटीत शेजारी कसे आहेत हेही कळतं, तो फायदा वेगळाच.

जमिनीचा वापर कशासाठी मंजूर आहे हा स्वतंत्र मुद्दा. अनेक देशांत शेतजमीन कोणी घ्यावी यावर बंधनं आहेत आणि तिच्यावर घर बांधायला वेगळी परवानगी लागते. ‘सगळेच बांधतात’ हे परवानगीचं उत्तर नाही. वारसांपैकी सगळ्यांच्या सह्या आहेत का, जमीन गहाण आहे का, पूररेषेत किंवा वनहद्दीत येते का, हे स्वतःच्या वकिलाकडून तपासा. विकणाऱ्याने सुचवलेला वकील चांगला असेलही, पण तो त्याचा.

स्वस्त पडीक घरांची भुरळ जगभर आहे. जपानमध्ये २०२३ च्या सर्वेक्षणात सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, आणि तिथल्या अनेक गावांनी ती खपवण्यासाठी याद्या लावल्या आहेत. इटलीत काही गावं एका युरोत घर देतात. मात्र ठरावीक मुदतीत ते दुरुस्त करण्याची अट असते आणि त्यासाठी अनामत ठेवावी लागते. अशा घराची किंमत म्हणजे निव्वळ प्रवेश फी. छप्पर, भिंतीतली ओल, वाळवी, जुनं वायरिंग आणि पाया यांची दुरुस्ती ही खरी किंमत, आणि तिचा अंदाज खरेदीआधी बांधकाम जाणणाऱ्याकडून घ्यावा.

वीज आणि नेट

वीज आहे का हे विचारू नका, कशी आहे ते मोजा. आसपासचे शेतीपंप चालू असताना मल्टिमीटरने विजेचा दाब (व्होल्टेज) बघा. रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) घर लांब असेल तर दाब पडतो आणि फ्रिज, पंप यांच्या मोटारी त्याने जळतात. मागच्या वादळात वीज किती दिवस गेली होती, याचं उत्तर गावात लोक हसत हसत सांगतात, लक्ष देऊन ऐका.

बॅटरी किती मोठी घ्यायची? राउटर, चार दिवे, एक लॅपटॉप आणि एक पंखा मिळून १५० वॅट धरा. सहा तास चालवायला ९०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण निम्म्याहून जास्त वापरली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणजे हिशोब जेमतेम जुळला. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण ती ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते. पाण्याचा पंप या हिशोबात धरू नका. सुरू होताना तो नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो आणि घरगुती इन्व्हर्टर मान टाकतो. त्याऐवजी उंचावर मोठी टाकी ठेवा आणि वीज असेल तेव्हा भरून घ्या.

घरून काम करणार असाल तर नेटची चाचणी जिथे बसून काम करणार त्या खोलीत, कामाच्या दिवशी आणि संध्याकाळी, अशी दोनदा घ्या. डाउनलोड बघून थांबू नका, व्हिडिओ कॉल अपलोडवर अडतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी ठेवा. उपग्रहाचा पर्याय असेल तर तो कोणता ते विचारा: ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाला संदेश पाठवून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतं, त्यामुळे बोलताना माणसं एकमेकांच्या वाक्यावर आदळतात. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांना हा त्रास नाही, पण त्यांना वर मोकळं आकाश लागतं. घराभोवतीची उंच झाडं तिथे आड येतात. आणि कायम घरून काम करण्याची परवानगी लेखी घ्या. साहेब बदलतात.

आग, साप, औषधं

घराभोवती दहा मीटरच्या पट्ट्यात वाळकं गवत, पालापाचोळा, लाकडाचा ढीग ठेवू नका. एका टाकीतलं पाणी आगीसाठी राखून ठेवा आणि लांब नळी जोडून तयार ठेवा. गवत-सरपण हटवल्याने उंदीर कमी होतात आणि उंदीर कमी झाले की त्यांच्यामागे येणारे सापही.

विषारी सापांचा भाग असेल तर सर्पविषावरचं औषध (प्रतिविष) नेमकं कोणत्या रुग्णालयात असतं, हे राहायला जाण्याआधी फोन करून विचारा. दंश झाल्यावर चिरा देणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला थेट तिथे न्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं, आणि मृत्यूंमागचं मोठं कारण उपचार उशिरा मिळणं हेच आहे. नेहमीची औषधं महिनाभराची जादा ठेवा. घरातल्या दोघांनी तरी प्रथमोपचाराचा वर्ग करावा.

पैसा

शक्य असेल तर पहिलं वर्ष शहरातलं घर विकू नका, भाड्याने द्या. ज्या भागात किमती वेगाने वाढतात तिथून एकदा बाहेर पडलं की परत शिरणं अवघड होतं.

खेड्यात भाडं किंवा हप्ता कमी होतो, पण खर्च दुसऱ्या दारातून आत येतो. दुसरी गाडी, इंधन, पंपाची दुरुस्ती, कुंपण, अवजारं, आणि कौतुकाने राहायला येणारे पाहुणे. हे शेवटचं मी गमतीने लिहिलेलं नाही. पहिल्या वर्षी शनिवार-रविवार तुमचे राहत नाहीत.

शेतीतून किंवा घरगुती पाहुणचाराच्या धंद्यातून उत्पन्न येईल असं गृहीत धरून बाहेर पडू नका. आलं तर वरकमाई समजा. शेती करणाऱ्या शेजाऱ्याला विचारलंत तर तो हेच सांगेल. पहिल्या वर्षी चार वाफे करा, पाणी आणि पाठ किती टिकते ते बघा, मग पुढचं.

माणसं

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात आजूबाजूच्या घरी स्वतः जाऊन ओळख करून घ्या, त्यांनी येण्याची वाट बघू नका. उंच भिंत, प्रखर दिवे आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी लावूनच जो माणूस येतो, त्याच्याबद्दल गावाचं मत पाटी वाळायच्या आत तयार झालेलं असतं. तुमच्या जागेतून पाण्याला, रानात किंवा देवळाला जाणारी जुनी पायवाट असेल तर ती बंद करण्याआधी दहा वेळा विचार करा.

गावातल्या गवंड्याला, वायरमनला, सुताराला काम द्या. शहरातून कारागीर आणलेत तर रात्री पंप बंद पडल्यावर त्यांनाच बोलवावं लागेल. मजुरी ठरवून घ्या आणि वेळेवर द्या. बाकीचं नातं त्यावर उभं राहतं.

पहिलं वर्षभर सल्ले देऊ नका. कचरा कसा टाकावा, गुरं कुठे चारावीत, फवारणी कशी वाईट, हे सगळं तुम्हाला खरं वाटत असेल आणि ते खरं असेलही. पण लोक ज्याच्याकडून उसनी शिडी घेतात त्याचंच ऐकतात. तेव्हा आधी शिडी विकत घ्या, ती उसनी द्या.

एकटेपणा साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात येतो, नवलाई ओसरली की. घरात एकटं राहणाऱ्याला तो आधी गाठतो. शाळा, वाचनालय, भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ, कशात तरी आठवड्याचा एक ठरलेला वार बांधून घ्या, आणि जुन्या मित्रांकडे महिन्यातून एकदा जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

सामान हलवण्याआधी

एका कागदावर घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन गोष्टी लिहा. पहिली, आढावा घ्यायची तारीख, सगळे ऋतू एकदा अनुभवून झाल्यानंतरची. दुसरी, काय घडलं तर परत फिरायचं: सलग दोन महिने पाणी विकत घ्यावं लागलं, घरून काम बंद झालं, मूल शाळेत रमलंच नाही, आजारी माणसाची ने-आण झेपेनाशी झाली. शांत डोक्याने आधी लिहिलेल्या अटी नंतरच्या भांडणात फार उपयोगी पडतात. खेड्यातलं घर विकायला शहरातल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून शहरातल्या घराचा भाडेकरार करताना त्याची मुदत त्या आढाव्याच्या तारखेच्या एक-दोन महिने पुढे संपेल अशी ठेवा.